हर्णैची ३२ फुटी होडी ट्रेलरवर ओढून उजनीत आणायची आहे. कुणाला अनुभव?

भीमाकाठचा (टेंभुर्णी) | १४ एप्रिल, रात्री १०.४०

राम राम मंडळी. सोलापूर जिल्ह्यात समुद्रातल्या होडीचा धागा बघून हसू येईल, पण काम खरं आहे.

आमचं गाव उजनीच्या पाण्याकाठी. तात्या, म्हणजे वडील, धरणात पाणी अडल्यापासून मासेमारी करतात. होडी १४ फुटी, पत्र्याची. दरवर्षी डांबर फासून फासून आता तिच्यात पत्रा किती आणि डांबर किती ते सांगता येत नाही. माझा स्वतःचा पिकअप आहे. पहाटे चिलापी, कटला भरून भिगवण नाहीतर इंदापूरच्या बाजारात, आणि सीझनला द्राक्षाचे क्रेट.

हर्णैला एकाकडं फायबरची ३२ फुटी होडी विकायला आहे. रुंदी साडेनऊ फूट, आत डिझेल इंजिन बसवलेलं, सहा वर्षं वापरलेली. चार लाख सांगतोय. मला वाटतं साडेतीनला देईल. ट्रेलर आपल्याकडं कुणीही बनवून देईल, ऊसवाल्यांचा जिल्हा आहे. पिकअपला मागं हूक मारायचा आणि घेऊन यायचं. कुंभार्ली घाट चढेल का? आणि जुनी होडी बघताना काय बघायचं? तात्यांना अजून सांगितलेलं नाही.

ट्रॉलीवाला (माळशिरस) | १४ एप्रिल, रात्री ११.०५

मालक, आधी तात्यांना सांगा. मग आम्हाला.

बाकी ट्रेलरचं म्हणाल तर वीस वर्षं ऊस ओढतोय, ट्रॅक्टरमागं दोन-दोन ट्रॉल्या लावून. ट्रॅक्टर ओढतो कारण तो जड असतो आणि सावकाश चालतो. पिकअप रिकामा दीड-पावणेदोन टनाचा, मागं अडीच-तीन टनाची होडी लावली तर कोण कुणाला ओढतंय तेच कळायचं नाही. चढाला पुढची चाकं हलकी होतात, उताराला होडी पिकअपला ढकलत नेते. घाटात ओढणं अवघड नसतं लगा, थांबणं अवघड असतं.

काटेकोर (सोलापूर) | १५ एप्रिल, सकाळी ८.२०

कायद्याचं सांगतो, मग तुमचं चालू द्या.

रस्त्यावरच्या वाहनाची रुंदी २.६ मीटरपेक्षा जास्त चालत नाही, म्हणजे साडेआठ फुटांच्या जरा वर. तुमची होडी साडेनऊ फूट. म्हणजे हा माल मापाबाहेरचा झाला. त्याला आधी परवानगी काढावी लागते, आणि ती पिकअपमागच्या घरगुती ट्रेलरला कुणी देणार नाही. ही होडी आणायचीच असेल तर लो-बेड ट्रक, दोन्ही टोकांना क्रेन, परवानगी. भाडंच होडीच्या किमतीच्या मोठ्या हिश्शात जाईल.

दुसरं म्हणजे ट्रेलर हे कायद्यानं स्वतंत्र वाहन आहे. त्याला स्वतःची नोंदणी, स्वतःची नंबरप्लेट, स्वतःचा विमा. तुमचं काम अकलूजच्या आरटीओत, एमएच ४५ मध्ये येईल. गावातल्या वेल्डरनं बनवला आणि तसाच रस्त्यावर काढला तर अपघाताच्या दिवशी पिकअपचा विमासुद्धा अडेल. शेतीसाठी नोंदवलेली ट्रॉली आणून तिच्यावर होडी घालायचा विचारही करू नका, तिचे कागद शेतीमालापुरते असतात.

भीमाकाठचा | १५ एप्रिल, सकाळी ८.५५

काटेकोर साहेब, तुम्ही सकाळी सकाळी स्वप्न मोडलं. रुंदी कमी असलेली बघितली तर? २४ फुटी, सात-साडेसात फूट रुंद, अशा पण आहेत म्हणाला.

दर्याकाठ (दापोली) | १५ एप्रिल, दुपारी १.३०

हर्णैचं नाव वाचून लिहायला बसलो. आमच्या घरात तीन पिढ्या होड्या आहेत.

दादा, खरेदीची वेळ बरोबर साधलीत. १ जून ते ३१ जुलै समुद्रात यांत्रिक मासेमारी बंद असते. त्याआधी मे अखेरीला होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारतात, म्हणजे झाकून ठेवतात. ज्याला विकायची असते तो तेव्हाच विकतो, कारण पावसाळाभर सांभाळायचा खर्च वाचतो. पण एक चूक करू नका, शाकारलेली होडी बघून सौदा करू नका. मेच्या मध्यात या, ती पाण्यात चालू असताना बसा, दोन तास समुद्रात न्यायला सांगा. इंजिन किनाऱ्यावर सगळ्यांचंच सुरू होतं, भार पडल्यावर धूर कुठल्या रंगाचा येतो ते पाण्यातच दिसतं. मग ओढून वर काढल्यावर तळ बघा.

आता तळ कसा बघायचा. फायबर बाहेरून चकचकीत करणं अगदी सोपं आहे, एका रंगाच्या डब्याचं काम. छोटी हातोडी घ्या, नाहीतर रुपयाचं नाणं, आणि नाळेपासून, म्हणजे पुढच्या टोकापासून, मागपर्यंत वीतभर अंतरावर ठोकत जा. चांगल्या फायबरचा आवाज टणक, खणखणीत येतो. जिथं थर सुटलेत किंवा आत पाणी शिरलंय तिथं बद्द आवाज येतो, पिकलेल्या फणसावर टिचकी मारल्यासारखा. तिथं खडूनं खूण करा. तळाला बारीक फोड दिसले तर एक फोड खिळ्यानं फोडायला सांगा. आंबूस वासाचं पाणी आलं तर थरात पाणी मुरलंय.

सगळ्यात जास्त लक्ष मागच्या फळीकडं द्या, जिथं मशीन अडकवतात. वरून फायबर असलं तरी आत बहुतेक वेळा प्लायवूड असतं. बोल्टच्या भोकातून पाणी आत जातं आणि प्लाय आतल्या आत कुजतो. मशीन पकडून जोरात खाली-वर हलवा. फळी किंचित जरी वाकली, तर ते दुखणं मोठं आहे.

कागदांत नोंदणी दाखला, इंजिन नंबर, आणि ज्या मच्छीमार सोसायटीत होडी आहे तिचा ना-हरकत दाखला. बऱ्याच होड्या राष्ट्रीय सहकार विकास निगमच्या कर्जातून, सोसायटीमार्फत घेतलेल्या असतात. कर्ज फिटलेलं नसेल तर विकणाऱ्याचा पुरता हक्कच नसतो. डिझेल कोटाही त्या नोंदणीवर असतो, म्हणून काही जण होडी विकतात आणि कागद ठेवून घेतात. नोंदणीतून नाव कमी झाल्याचा कागद हातात पडल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नका. भिडस्तपणा नको, आम्हीपण असंच मागतो.

खडूस मेकॅनिक (होटगी रोड) | १५ एप्रिल, सायंकाळी ७.१०

दर्याकाठनं सगळं सांगितलं, मी फक्त चाकांचं सांगतो कारण बाकी लोक तेच विसरतात.

होडीच्या ट्रेलरचा बेअरिंग हा रस्त्यात मरत नाही, पाण्यात मरतो. तीनशे किलोमीटर चालवलंत की हब तापलेला असतो. तसाच उलटा पाण्यात घातलात की आतली गरम हवा एकदम आक्रसते आणि सीलमधून पाणी आत ओढून घेते. समुद्राचं असेल तर मीठासकट. त्या क्षणी काही कळत नाही. पुढच्या शंभर-दोनशे किलोमीटरला ग्रीसचं ताक होतं, मग चाक गातं, मग जाम होतं. तेव्हा पोचल्यावर ट्रेलर किमान तासभर गार होऊ द्या, आणि शक्यतो चाकं पाण्यात घालूच नका. होडी माणसांनी किंवा क्रेननं चढवा. एक जादा चाक, एक बेअरिंगचा जोड, सील, ग्रीस आणि जॅक बरोबर ठेवा.

आणि हुकावर भार किती पडतोय ते मोजा. ट्रेलरच्या एकूण वजनाच्या दहा टक्क्यांच्या वर, पंधराच्या आत. दीड टनाचा ट्रेलर असेल तर हुकावर दीडशे-दोनशे किलो, म्हणजे सिमेंटच्या तीन-चार गोण्या. कमी पडला तर साठच्या वेगाला ट्रेलर शेपूट हलवायला लागतो आणि मग तो पिकअपलापण हलवतो. तसं झालं तर ब्रेक मारू नका, स्टिअरिंगशी कुस्ती खेळू नका, फक्त ॲक्सिलरेटर सोडा.

ट्रॉलीवाला | १५ एप्रिल, रात्री ९.००

हुकावरचा भार काट्यावर मोजता येतो. ट्रेलर सोडून एकटा काट्यावर घ्या, वजन लिहा. मग पिकअपला जोडून फक्त ट्रेलरची चाकं काट्यावर ठेवा, वजन लिहा. फरक म्हणजे हुकावरचा भार. होडी पुढं-मागं सरकवून जमवा. कारखान्याचा काटा आता बंद झाला असेल, हायवेच्या धर्मकाट्यावर पन्नास-शंभर रुपयात काम होतं. ऊसवाल्याचा काट्यावर विश्वास नसतो म्हणा, पण इथं दोन्ही वजनं एकाच काट्यावर घेतली की काटा खोटा असला तरी फार बिघडत नाही.

जुनं पाणी (करमाळा) | १६ एप्रिल, सकाळी ६.४५

सगळे जण होडी कशी आणायची ते सांगताय. आणल्यावर ती चालणार कुठं, हे कुणी विचारलं का? मी सत्तरीचा माणूस, माझं गाव या पाण्याखाली आहे, म्हणून बोलतो.

उजनी भरली की ११७ टीएमसी. कागदावर समुद्रच. पण त्यातलं ६३ टीएमसीहून जास्त मृतसाठा, टक्क्यांत न धरलेला. म्हणजे धरण "शून्य टक्के" म्हणतात तेव्हाही निम्म्याच्या वर पाणी आत असतं, आणि मग ते उण्यात जातं. २०२४ च्या उन्हाळ्यात उणे साठ टक्क्यांच्या घरात गेलं. पळसदेवचं बुडालेलं देऊळ तेव्हा पायी जाऊन बघता येत होतं. आमच्या काठावरून पाणी दीड-दोन किलोमीटर आत पळालं होतं, आणि मध्ये गुडघाभर गाळ.

समुद्रातल्या होडीचा तळ खाली टोकदार असतो, लाट कापायला. तिला तरंगायला दोन-अडीच फूट पाणी लागतं, इंजिन आत बसवलेलं असेल तर पंखा आणखी खाली. आपल्याकडं पाण्याखाली काय काय आहे ठाऊक आहे ना? बाभळींचे बुंधे, विहिरींचे कठडे, वाड्यांच्या भिंती. सपाट तळाची होडी त्याच्यावरून घसरून जाते. टोकदार तळ त्यात अडकतो, आणि पंखा गेला की गेला. शिवाय ३२ फुटाची होडी गाळात बसली तर ओढणार कोण? पत्र्याची होडी दोघं जण उचलून चालू लागतात.

आणखी एक. जाळं. तुमचे तात्या संध्याकाळी नायलॉनचं जाळं सोडतात, पहाटे उचलतात, वाकून, हातानं. त्यांच्या होडीचा काठ पाण्यापासून वीत-दीड वीत. समुद्रातल्या होडीचा काठ तीन फूट. साठीच्या माणसानं तिथून वाकून जाळं ओढायचं? उंच काठाला वारापण जास्त लागतो, होडी जाळ्यावरून सरकत जाते.

भीमाकाठचा | १६ एप्रिल, दुपारी १२.१५

काका, पाया पडतो. तुम्ही बोललात ते तात्या बोलले असते तसंच.

आता खरं सांगतो. मोठी होडी फक्त जाळ्यासाठी नको होती. हिवाळ्यात भिगवणला रोहित (फ्लेमिंगो) बघायला पुण्या-मुंबईची गर्दी असते, होडीवाल्यांचा चांगला धंदा होतो. आमच्या बाजूलापण पक्षी येतात. वाटलं, पहाटे मासे, आठनंतर पंधरा-वीस माणसं. म्हणून ३२ फूट.

पक्षीवेडी (सोलापूर) | १६ एप्रिल, दुपारी ३.४०

दादा, मी दर हिवाळ्यात भिगवणला जाते, म्हणून राग न मानता ऐका. रोहित उथळ पाण्यात, गाळात चरतात. तिथं नेणारे तिथले होडीवाले छोट्या सपाट होड्याच वापरतात, जवळ गेल्यावर मशीन बंद करून बांबूनं रेटतात. डिझेल इंजिनाची मोठी होडी धडधडत आली की अर्ध्या किलोमीटरवरून थवा उठतो. मग वीस जण कशाला पैसे देतील?

जुनं पाणी | १६ एप्रिल, सायंकाळी ५.२०

आणि प्रवासी हा शब्द जपून वापर, पोरा. २१ मे २०२४ ची संध्याकाळ आमच्या तालुक्यात कुणी विसरलेलं नाही. कुगावहून कळाशीला निघालेली होडी वादळी वाऱ्यात उलटली, सहा जीव गेले, त्यात लेकरं होती. रोजची जा-ये करायची वाट ती. मे महिन्यात दुपार कलली की वळिवाचा वारा कुठल्या दिशेनं येईल सांगता येत नाही, आणि मोकळ्या पाण्यावर तो अडायला काहीच नसतं.

मासेमारीची होडी मासेमारीसाठी. माणसं न्यायची तर तिची तपासणी वेगळी, परवाना वेगळा, प्रत्येकाच्या अंगात जॅकेट. "सीटखाली ठेवलंय" असलं नाही, अंगात. ते सगळं करणार असशील तर कर. नाहीतर चिलापी धर.

काटेकोर | १६ एप्रिल, सायंकाळी ६.००

काकांना दुजोरा. धरणात मासेमारीच्या परवान्यावर प्रवासी नेले आणि काही झालं तर ते प्रकरण विम्याचं राहत नाही, फौजदारीचं होतं.

भीमाकाठचा | १८ एप्रिल, रात्री ११.३०

तात्यांना सांगितलं. दहा मिनिटं काही बोलले नाहीत, तंबाखू मळत बसले. मग म्हणाले, "कमी पाण्यात चालणारी, काठ बुटका, दोन माणसं नि शंभर किलो मासे. आणि वल्ह्यानं चालली पाहिजे, मशीन बंद पडलं तर." बत्तीस फुटाचा विषय संपला.

दर्याकाठ, हर्णैला २२-२४ फुटी, सपाट तळाची, मागं लावायच्या मशीनची मिळेल का?

दर्याकाठ | १९ एप्रिल, सकाळी ९.१५

पूर्ण सपाट आमच्याकडं कमी. पण खाडीत चालवायच्या होड्या असतात, दाभोळच्या खाडीत, बाणकोटला. तळ जवळजवळ सपाट, काठ दीड फूट. २२ फुटी, सहा फूट रुंद, मागं ९.९ अश्वशक्तीचं मशीन. मशीन नवं घेतलंत तरी परवडेल, जुनं घ्यायचं असेल तर शाफ्टची लांबी बघून घ्या, १५ इंची आणि २० इंची असे दोन प्रकार येतात. बुटक्या फळीला लांब शाफ्ट लावलात तर पंखा तुमच्या उजनीच्या बाभळी नांगरेल.

एक गंमत सांगतो. गोडं पाणी समुद्राच्या पाण्यापेक्षा हलकं, त्यामुळं तीच होडी तुमच्याकडं थोडी जास्त बुडेल. शेकडा अडीचच्या आसपास. या मापाच्या होडीला ते नखाएवढं, पण काठाजवळ पाणी दिसलं म्हणून विकणाऱ्याला शिव्या देऊ नका. आणि मशीनवरचा झिजायचा जस्ताचा तुकडा समुद्रासाठी असतो. गोड्या पाण्यात मॅग्नेशियमचा लावतात.

ट्रॉलीवाला | १९ एप्रिल, दुपारी २.००

२२ फूट असेल तर पिकअपचं काम आहे. ट्रेलर बघू का? अकलूजकडं एकाकडं जनरेटर वाहायचा दोन चाकी ट्रेलर पडून आहे, कागद चालू, विमा भरलेला. पुढचा दांडा लांबवावा लागेल, नाहीतर वळणावर होडीचं नाक पिकअपच्या केबिनला लागेल.

काटेकोर | १९ एप्रिल, दुपारी २.३०

दांडा लांबवलात तर तो बदल आरसी पुस्तकावर चढवून घ्या. कंटाळा करू नका.

खडूस मेकॅनिक | १९ एप्रिल, रात्री ८.४५

जनरेटरच्या ट्रेलरचे स्प्रिंगचे पाटे दोन-तीन टनासाठी असतात. त्यावर सहाशे किलोची होडी ठेवली की पाटे दबतच नाहीत, प्रत्येक खड्डा थेट फायबरला. प्रत्येक बाजूचे दोन-तीन पाटे काढून टाका. होडीचा भार तळाच्या मधल्या कण्यावर घ्या, खाली आडवी लाकडं, बाजूला फक्त टेकू, टेकूवर जुन्या ट्यूबचे तुकडे आणि गोणपाट. बाजूच्या टेकूवर वजन दिलंत तर तिथंच तडा जाणार. पट्टे रॅचेटचे घ्या, दोरी नको. दोरी पहिल्या वीस किलोमीटरला सैल पडते.

भीमाकाठचा | २८ मे, रात्री १२.१०

आणली. आत्ताच पोचलो. झोप येत नाही म्हणून लिहितो.

बाणकोटच्या खाडीतली २२ फुटी मिळाली. नाण्यानं ठोकून बघितली, मागच्या डाव्या कोपऱ्यात हातभर जागा बद्द वाजली. तो म्हणाला तिथं दुरुस्ती झालीय, आतून फायबरची मॅट दिसली, खरं होतं. त्यावर दहा हजार कमी केले. होडी एक लाख पंधराला, मशीन वेगळं ठरवलं. नाव कमी केल्याचा कागद घेतला, मग शेवटचे पैसे दिले. त्याला राग आला नाही, चहा पाजला.

जाताना पंढरपूर, महूद, दिघंची, आटपाडी, विटा, कराड, कुंभार्ली, चिपळूण, खेड. घाट उतरताना ट्रेलर रिकामा, येताना भरलेला चढायचा. ट्रॉलीवाले दादा म्हणाले होते तसं, थांबायचं संकट जाताना रिकाम्यावर गेलं हे नशीब. चढताना पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, दोनदा थांबून इंजिन गार केलं. पोफळीच्या वर एका वळणावर समोरून एसटी आली आणि मला मागं घ्यावं लागलं. पिकअप उलटा घेणं वेगळं आणि ट्रेलरसकट उलटा घेणं वेगळं. स्टिअरिंग ज्या बाजूला फिरवाल त्याच्या उलट बाजूला ट्रेलर जातो हे तोंडपाठ होतं, हाताला ठाऊक नव्हतं. एसटीचा कंडक्टर खाली उतरला, दरीच्या बाजूला उभा राहिला आणि "येऊ द्या, येऊ द्या, बास" करत दहा फूट मागं घेऊन दिलं. त्याचं नाव विचारायचं राहिलं.

आता चूक सांगतो. मेकॅनिक दादा, तुम्ही लिहिलं होतं ते मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवलं होतं. पोचलो तेव्हा भरती होती. चार पोरं मदतीला उभी, म्हणाली घ्या ट्रेलर खाली, पाच मिनिटांत चढवतो, मग पाणी उतरेल. घेतला. चाकं अर्धी पाण्यात. हब हात लावून बघितला असता तर चटका बसला असता, पण बघितला नाही.

आटपाडी ओलांडली आणि मागून बारीक शीळ यायला लागली. मला वाटलं पट्टा वाऱ्यानं वाजतोय. दिघंचीच्या अलीकडं जळका वास आला. थांबून बघतो तर डाव्या हबवर पाणी शिंपडलं की चर्र होत होतं, आणि टोपीतून करड्या रंगाचं ताकासारखं ग्रीस ओघळलेलं. बेअरिंगचा जोड बरोबर होता, तेवढं ऐकलं होतं तुमचं. रस्त्याकडेला, दुपारी दोनच्या उन्हात, बाभळीखाली. आतली रिंग शाफ्टला चिकटली होती, छिन्नीनं काढायला दीड तास. एका मेंढपाळानं कोकरू खांद्यावर घेऊन सगळं शांतपणे बघितलं आणि शेवटी विचारलं, "होडी कुठं चालली, पाऊस लई सांगितलाय का?"

हुकावरचा भार १६० किलो होता, होडी, मशीन आणि ट्रेलर मिळून १,२८० किलो. पन्नासच्या वर गेलोच नाही. शेपूट एकदाही हललं नाही.

खडूस मेकॅनिक | २९ मे, सकाळी ७.३०

उजवा हबपण उघड. तोही त्याच पाण्यात होता.

भीमाकाठचा | २९ मे, सकाळी ११.५०

उघडला. ताक.

दर्याकाठ | २९ मे, दुपारी १२.३०

मशीन गोड्या पाण्यावर दहा मिनिटं चालवून धुऊन घ्या, आतलं मीठ निघेल. उजनीत टाकलीत की आपोआप होईल म्हणा. तात्या काय म्हणाले?

भीमाकाठचा | २९ मे, रात्री ९.४०

तात्यांनी होडीभोवती एक चक्कर मारली, काठावर तळहात ठेवून उंची बघितली. मग आत बसून वाकून बघितलं, जाळं ओढल्यासारखं. "बरी हाय" म्हणाले. आईनं नारळ फोडला. पत्र्याची होडी तात्यांनी विकू दिली नाही, ती उलटी करून शेळ्यांच्या गोठ्यावर घातलीय.

भीमाकाठचा | २ डिसेंबर, सायंकाळी ६.१५

धागा वर काढतो. होडी मस्त चालू आहे. मशीन फक्त जाता-येताना, जाळ्यावर वल्हं. सकर माशानं दोन जाळी फाडली, तो वेगळा विषय. प्रवासी नेत नाही. पक्षीवेडी ताई आल्या होत्या, त्यांना काठावरूनच दुर्बिणीतून दाखवले, तात्यांनी चिलापी तळून घातली.

ट्रेलर विकणे आहे. दोन चाकी, कागद चालू, दांडा लांबवलेला, आरसीवर चढवलेला, दोन्ही बेअरिंग नवे. एकदाच वापरलेला. ४५ हजार.

पक्षीवेडी | २ डिसेंबर, रात्री ८.००

चिलापीबद्दल तात्यांना पुन्हा एकदा धन्यवाद सांगा. ट्रेलर नको, पण मासे विकणार असाल तर सोलापुरात गिऱ्हाईक आहे.

ट्रॉलीवाला | ३ डिसेंबर, सकाळी १०.२०

चाळीसला देता का? बारक्या ट्रॅक्टरमागं पाण्याची टाकी लावायची आहे.

भीमाकाठचा | ३ डिसेंबर, दुपारी १.००

या बघायला. बेचाळीसला सोडतो.

भीमाकाठचा | १९ एप्रिल, सकाळी ७.०५

ट्रॉलीवाले दादा, माफ करा. तुम्ही येतो येतो म्हणत आला नाहीत ते बरंच झालं, ट्रेलर आता द्यायचा नाही.

पाणी परवापासून रोज पंधरा-वीस पावलं मागं सरकतंय. मागच्या वर्षापर्यंत तात्या पत्र्याची होडी दोघा-तिघांनी उचलून पाण्यामागं न्यायचे. ही २२ फुटी मशीनसकट उचलत नाही. काल शेजारच्याचा ट्रॅक्टर आणला, ट्रेलरवर घातली, सुकलेल्या गाळाच्या कडेकडेनं अर्धा किलोमीटर पुढं नेली. तात्या होडीत बसून होते, जमिनीवरून चाललेल्या होडीत, हातात वल्हं. म्हणाले, जूनपर्यंत अजून चार-पाच वेळा न्यावी लागंल, चाकांना ग्रीस मारून ठेव.

मेकॅनिक दादा, गाळासाठी रुंद टायर बसतील का या हबवर?

खडूस मेकॅनिक | १९ एप्रिल, सकाळी ९.३०

बसतील. रिमचं माप पाठव. आणि पाण्यात घालायच्या आधी हात लावून बघ.